पुढचं घोडं

मी कुठल्या पलटणीत होतो, हे आमच्या पहूर गावात आजही फार थोड्यांना नीट सांगता येतं. पेठेत म्हणतात "घोड्याची पल्टन", कसब्यात म्हणतात "ढोरांच्या डॉक्टरची मिलिटरी". कागदावरचं नाव रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर. त्यातलं व्हेटरनरी लोकांना कळतं. त्यामुळे सुट्टीवर आलो की कोणाची म्हैस गाभण राहत नाही, कोणाच्या बैलाचा खांदा सुजला, हे सगळं माझ्या ओट्यावर यायचं. मी डॉक्टर नाही, मी जनावरं फिरवून तयार करणारा माणूस आहे, हे सांगून काही उपयोग नसायचा. "असू द्या, पण बघून तर घ्या," असं म्हणून हात धरून घेऊन जायचे.

रिमाउंट हा शब्द मात्र तसाच बाजूला राहायचा. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी त्याची फोड केली : रि म्हणजे पुन्हा, माउंट म्हणजे चढणं. घोड्यावरून पडलेला जवान धूळ झटकून पुन्हा चढतो, म्हणून रिमाउंट. २६ जानेवारीच्या भाषणात त्यांनी हे पोरांना सांगितलं, माझ्याकडे हात केला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढं छान जमलेलं भाषण कोण मोडणार? मी बसून राहिलो.

आमच्या तबेल्यात मात्र या शब्दाला असा काही अर्थ नव्हता. तिथे रिमाउंट म्हणजे जनावर. "आज सकाळच्या गाडीने रिमाउंट आले" म्हणजे नवी, कोरी, पाठीला खोगीर न लागलेली घोडी-खेचरं आली. अमुक रिमाउंट लंगडतं, तमुक रिमाउंट चंदी खात नाही. चढणाऱ्या माणसाचा त्यात उल्लेखच नाही. तो माणूस दुसऱ्या पलटणीत, दुसऱ्या गावाला आपल्या जुन्या घोड्यावर बसलेला असतो. त्याचं घोडं म्हातारं होईल, लंगडं होईल, मरेल. तेव्हा त्याच्या मांडीखाली जे येईल, ते आज इथे आमच्या हातात असतं. गुरुजींचा अर्थ चुकीचा नाही, शब्दकोशात तोही आहे. पण फौजेनं तो शब्द घेतला तो पुढच्या घोड्यासाठी.

शब्दाचं मूळ मी पुढे एका अधिकाऱ्याकडून ऐकलं. लॅटिनमध्ये मॉन्स म्हणजे डोंगर. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये चढण्याचं क्रियापद झालं मोंते, आणि पुन्हा चढण्याचं रमोंते. म्हणजे घोडा आणि डोंगर चढायला एकच क्रियापद. खेचरं घेऊन जे जवान बर्फातल्या चौक्यांपर्यंत रसद पोचवतात त्यांना यात काही नवल वाटणार नाही. फ्रेंच माळ्यांनी तर हाच शब्द गुलाबाला लावला. एकदा बहर येऊन गेल्यावर त्याच हंगामात परत फुलणाऱ्या गुलाबाला ते रमोंतां म्हणतात. खडा जुन्या अंगठीतून काढून नव्या कोंदणात बसवला तरी इंग्रजीत रिमाउंट, आणि माझा पुण्यातला नातू कॉम्प्युटरची डिस्क एकदा काढून परत जोडतो तेव्हा तोही रिमाउंटच करतो. त्याला मी विचारलं, डिस्क लाथ मारते का? मग तुझं काम सोपं आहे.

आमचं काम कसं चालायचं ते सांगतो. उत्तर प्रदेशात सहारनपूरला रिमाउंटचा जुना डेपो आहे, शाळाही तिथेच. कोअरचं मुख्य केंद्र मेरठला, घोड्यांची पैदास हापूडजवळ बाबूगढला आणि हिसारला. नवं जनावर आलं की आधी वेगळं ठेवायचं. ग्लँडर्स नावाचा एक घातक रोग घोड्यांत असतो, तो माणसालाही होतो. त्याची रक्ततपासणी झाल्याशिवाय कुणाच्या शेजारी बांधायचं नाही. मग खुरावर नंबर. तापलेल्या लोखंडाने खुराच्या शिंगासारख्या भागावर तो डागतात. जनावराला दुखत नाही, पण खूर वाढतो तसा नंबर खाली सरकतो, म्हणून काही महिन्यांनी परत डागावा लागतो. १९७१ च्या लढाईत पाकिस्तानच्या हाती सापडलेली आणि पाठीवरच्या ओझ्यासकट पळून परत आलेली पेडोंगी नावाची खेचरी आमच्यात प्रसिद्ध आहे. तिचं नाव पुढे ठेवलं गेलं. तोवर ती फक्त खुरावरचा एक आकडा होती.

डागण्याची रीत फार जुनी आहे आणि तिच्यामागचं कारण फार मानवी. सरकार पुढच्या घोड्याचे पैसे देतं म्हटल्यावर माणूस काय करणार? शेजाऱ्याचं घोडं आणून दाखवणार, किंवा तेच घोडं दोनदा दाखवणार. अकबराने म्हणून घोड्यांना डाग आणि स्वारांची चेहरेपट्टी सक्तीची केली. त्याच्याच व्यवस्थेत दहा स्वारांमागे २० घोडी हवीत असा दंडक होता : तीन स्वार तीन घोड्यांचे, चौघे दोन घोड्यांचे, तिघे एका घोड्याचे. नऊ, आठ आणि तीन, बरोबर वीस. हा हिशोब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, हे लिहिणाऱ्याने स्वतः तबेला सांभाळलेला असणार. लढाईत माणसाआधी घोडा जातो, हे त्याला माहीत होतं.

डाग, तपासणी झाली की जनावर आमच्याकडे. पहिले काही दिवस चढायचं नावच नाही. खरारा करायचा, चारही पाय उचलून बघायचे, कानाला, पोटाखाली, मागच्या मांड्यांमध्ये हात फिरवायचा. मग लांब दोरीवर गोल फिरवायचं. मग पाठीवर नुसता नमदा, दुसऱ्या दिवशी तंग, तोही एक एक भोक आवळत. रिकिबी खाली सोडून ठेवायच्या, म्हणजे चालताना त्या बरगड्यांना लागतात आणि लागलेल्याची सवय होते. मग एक दिवस एकजण तोंडाशी उभा राहतो, दुसरा तिसऱ्याच्या गुडघ्याला आधार देतो आणि तो तिसरा गव्हाच्या पोत्यासारखा घोड्याच्या पाठीवर पोटावर आडवा पडतो. नुसता पडतो आणि उतरतो. पाय टाकून बसणं त्यानंतर.

पहिल्यांदा बसलो की बघणाऱ्यांना वाटतं, झालं. माझा अनुभव उलटा आहे. पहिल्यांदा घोडं बहुतेक वेळा बसू देतं, कारण काय होणार ते त्याला ठाऊक नसतं. ते दचकतं, थिजतं, कान मागे नेतं, पण तोवर तुम्ही वर असता. उतरून तुम्ही पुन्हा रिकिबीत पाय ठेवला की ते विचार करायला लागतं. आता त्याला माहीत आहे. हे वजन, हा पोटाला आवळलेला पट्टा, पाठीवर वरून आलेली ही सावली, हे सगळं त्याने एकदा भोगलं आहे आणि आता तुम्ही त्याला परत विचारता आहात. त्या दुसऱ्या वेळेला त्याने मान कुठे नेली, श्वास कसा सोडला, मागचा पाय कुठे टेकवला, यावरून पुढचे सहा महिने कसे जाणार ते कळतं. म्हणून आमच्याकडचे जुने लोक नवख्याला बसल्याबद्दल शाबासकी देत नसत. "उतर. फिरसे चढ," एवढंच म्हणत.

पडण्याचं म्हणाल तर पडलो, सगळेच पडतात. पडल्यावर लगेच चढावं असं सांगतात, ते बरोबरच आहे. पण त्याचं कारण लोक सांगतात ते नव्हे. माणसाची भीती मोडायला चार दिवसांनी चढलात तरी चालतं. घोड्याच्या डोक्यात मात्र त्या दिवसाचा शेवट राहतो. पाठीवरचं ओझं फेकलं आणि तबेल्यात जाऊन चंदी मिळाली, असा शेवट राहू द्यायचा नाही. एवढ्यासाठीच चढायचं, चार पावलं चालवायचं आणि आपल्या मर्जीने उतरायचं.

आपल्याकडे या पुढच्या घोड्याला शब्द नाही का? एक आहे, अर्धा. कोतल. मिरवणुकीत सजवून, नुसता हाताने धरून चालवलेला, वर स्वार नसलेला घोडा तो कोतल. बोलताना त्याचा कोतवाल घोडाही होतो, आणि मग लोकांना वाटतं कोतवालाचा घोडा. मुळात ही राखीव घोडी असावीत, धन्याचं घोडं दमलं तर लगेच बदलायला हाताशी. पुढे गरज गेली आणि शोभा उरली. आळंदीच्या पालखीत माउलींचा अश्व असतो, बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतो, त्याच्यावर कोणी बसत नाही. स्वाराचा घोडा वेगळा. रिंगणात दोघं धावतात आणि लोक त्या रिकाम्या घोड्याच्या टापेखालची माती कपाळाला लावतात. मी सुट्टीत एकदा ते रिंगण पाहिलं. सवयीने माझं लक्ष त्याच्या पाठीकडे. एवढ्या गर्दीत, एवढ्या आवाजात मोकळी पाठ घेऊन सरळ रेषेत धावणारं घोडं कोणीतरी महिनोन्‌महिने तयार केलेलं असतं. त्या माणसाला मी मनातल्या मनात सलाम केला.

पण आपल्या इतिहासात पुढच्या घोड्याचा खरा प्रश्न दडला आहे तो बारगीर आणि शिलेदार या दोन शब्दांत. शिलेदार स्वतःचं घोडं आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडं सरकारच्या पागेतून. शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं आणि पोरं परीक्षेत जोड्या लावून मोकळी झाली. फौजेत गेल्यावर त्याचा अर्थ लागला. घोडं मेलं की शिलेदार बुडाला. त्याची शेती, त्याच्या बायकोचे दागिने त्या घोड्यात असतात. साहजिकच ऐन गर्दीत घोडं घालताना त्याचा हात अडणार. बारगिराचं घोडं मेलं तर पागेतून दुसरं येतं. शिवाजी महाराजांनी जोर दिला तो पागेवर, हे सभासदाने लिहून ठेवलं आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. वाचणारे हवालदार, जुमलेदार लक्षात ठेवतात. मी नालबंदापाशी थांबतो. ज्या राज्याने पंचवीस घोड्यांमागे नाल ठोकणारा माणूस आणि पाणी वाहणारा माणूस मोजून ठेवला, त्याला लढाई तबेल्यात कशी जिंकतात ते कळलं होतं.

इंग्रजांना हे कळायला वेळ लागला. आमच्या कोअरची सुरुवात १७७९ ची धरतात आणि कोअर दिवस १४ डिसेंबरला असतो. कंपनीने बंगालमध्ये घोड्यांच्या पैदाशीचं खातं काढलं. पण चांगली घोडी काही तयार होईनात. १८०८ मध्ये त्यांनी विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा पशुवैद्य इकडे आणला. हा गडी घोडी शोधत वेष पालटून मानसरोवरापर्यंत जाऊन आला. मग सहा वर्षं लडाख, काश्मीर, काबूल करत बुखाऱ्याला पोचला, तिथे थोडीफार घोडी घेतली आणि परतताना १८२५ मध्ये अफगाणिस्तानात मेला. पुढे ऑस्ट्रेलियाची वेलर घोडी जहाजं भरभरून आली. त्यांचा एक डेपो आपल्या अहमदनगरलाही होता. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने लाखाच्या वर घोडी बाहेर पाठवली. त्यातलं सँडी नावाचं एकच मायदेशी परत गेलं. शब्दाचा निम्मा अर्थ "पुन्हा" आहे आणि ज्या जनावराला तो लावला त्याच्या वाट्याला पुन्हा असं काही आलं नाही.

आमच्या भागातली गोष्ट घ्यायची तर असईची. पहूरहून फर्दापूर, अजिंठ्याचा घाट चढून वर गेलं की पुढे जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. त्या एका दिवसात त्याच्या मांडीखालची दोन घोडी गेली. एकाला गोळी लागली, डायोमेड नावाच्या त्याच्या आवडत्या अरबी घोड्याला भाला लागला. तो तिसऱ्यावर चढला आणि लढाई जिंकला, जखमींना अजिंठ्याला नेलं. पुढे नेपोलियनला हरवूनही तो असईचीच आठवण मोठी मानायचा म्हणतात. निवृत्तीनंतर मी तिथे जाऊन आलो. कपाशी, मका, नेहमीचीच शेतं. नदीकाठाला उभं राहिल्यावर मला सेनापती काही दिसेना. मला त्या गोळ्यांच्या वर्षावात दोन घोड्यांचे लगाम हातात धरून मागे मागे पळणारा मोतद्दार दिसायला लागला. लगाम सुटला असता तर? घोडी बुजून उधळली असती तर? त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही. (बरोबर त्याच तारखेला, २३ सप्टेंबर १९१८ ला, जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाईतांनी हैफा घेतलं. जयपूरची ६१ वी कॅव्हलरी तो दिवस पाळते. तारखांचा योगायोग, दुसरं काही नाही, पण फौजी माणसाला असलं सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

सुट्टीवर येताना मी भुसावळला उतरून पॅसेंजरने पाचोऱ्याला यायचो आणि तिथून छोट्या गाडीत बसायचो. जळगावहून बस लवकर पोचवायची, पण ट्रंक घेऊन त्या गाडीत मजा होती. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, मग पहूर. अडीच फुटी रुळावरची ती गाडी इतकी सावकाश चालायची की कपाशीतली माणसं रुळाच्या कडेने चालत आतल्या माणसाशी बोलणं पुरं करायची. कोरोनात बंद झाली ती झालीच. आता तिथे रुंद रूळ टाकायचं काम चाललं आहे.

कायमचा परत आलो तेव्हा ठरवलं होतं की आता घोडं नाही, कपाशी आणि दोन म्हशी. पण आमच्या भागात लग्नाची घोडी ठेवणारे बरेच आहेत. मोठ्या रस्त्यावरचं गाव, चारी बाजूंना वऱ्हाडं. एका दिवाळीच्या आसपास शेजारच्या गावचा एक घोडीवाला घोडी घेऊनच दारात आला. पांढरी नुकरी, आयाळ वेणी घातलेली, डोळ्यांत मात्र भीती.

"आबा, ही बसू नाही देऊ राह्यली कोणाले. तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलं. आता काय करू?"

मागच्या लग्नसराईत डीजेच्या गाडीसमोर ती दोन पायांवर उभी राहिली होती. नवरदेव फेट्यासकट खाली आला. लागलं फार नाही, पण व्हिडिओ गावभर फिरला आणि बुकिंगं गेली. तेव्हापासून कोणी रिकिबीत पाय ठेवला की ती गोल गोल फिरते. त्याने तिचा कान पिरगाळून पाहिला, पुढचा पाय बांधून पाहिला. लोक सांगतात ते सगळं करून झालं होतं. "तुम्ही मिलिटरीतले. तुम्ही एकदा चढून दाखवा, मग ती ऐकते का नाही बघा."

मी म्हटलं, मी चढणार नाही. खोगीर दाखव.

खोगीर म्हणजे नुसतं जरीचं, आरशांचं, गोंड्यांचं काम. उलटं केलं. आतली भरती एका बाजूला गोळा होऊन दगडासारखी झाली होती आणि दुसऱ्या बाजूला नुसतं कापड लोंबत होतं. घोडीच्या खांद्यावर, आयाळ संपते तिथे अंगठा दाबला तर ती गुडघ्यांत वाकली. आपण निकामी माणसांच्या गर्दीला खोगीरभरती म्हणतो. ज्याने हा वाक्प्रचार काढला त्याने खोगीर फक्त वरून बघितलं असणार. भरती म्हणजेच खोगीर. ती सारखी बसली तर स्वाराचं वजन पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पसरतं, नाहीतर एका जागी खिळा ठोकल्यासारखं पडतं. डीजेने ती बुजली हे खरं, पण त्याआधी कित्येक वराती तिने त्या खिळ्यावर काढल्या होत्या. घोडं आधी सांगतं. कान मागे नेतं, तंग आवळताना पोट फुगवतं, शेपूट आपटतं. वरातीत ऐकतो कोण?

घोडीवाल्याला हे पटायला वेळ लागला. तुळशीचं लग्न निघून गेलं, त्याने ती लग्नं दुसऱ्याकडून भाड्याची घोडी आणून केली. गावातल्या गादीवाल्याकडून मी खोगीर उसवून परत भरून घेतलं, कापूस नव्हे, लोकर. खालून जाड नमदा. पाठीची सूज उतरेपर्यंत काही ठेवायचं नाही. रोज सकाळी वाघूरच्या पात्रात पाणी कमी झालेल्या भागात वाळूतून नुसतं हाताने चालवायचं. घोडीवाल्याचा मुलगा यायचा, कॉलेजात जाणारा, हलका, कमी बोलणारा. मला तसाच हवा होता. मग दोरीवर गोल, मग खोगीर, मग रिकिबी सोडून. काही दिवसांनी मी त्याला म्हटलं, रिकिबीत पाय ठेव, वजन टाक आणि काढून घे. बसू नको. ती फिरली. आम्ही थांबलो. ती थांबली की परत. तो पाय ठेवायचा आणि काढायचा, ठेवायचा आणि काढायचा. वाळू नेणारे ट्रॅक्टरवाले हसायचे, "आबा, पोऱ्याले चढू द्या ना आता!"

एका सकाळी त्याने पाय ठेवला आणि तिने मान खाली घालून नाकातून लांब श्वास सोडला. मी त्याला मान हलवून सांगितलं. तो बसला. मी म्हटलं, उतर. तो उतरला, आणि घोडी आमच्याकडे वळून बघायला लागली. मी म्हटलं, चढ.

ती उभी राहिली.

आवाजाची सवय लावणं त्या मानाने सोपं गेलं. आधी लांबवर मोबाइलवर गाणं, मग जवळ, मग एका हळदीच्या कार्यक्रमात मांडवाच्या मागे नुसती बांधून. मार्गशीर्ष लागला तोवर मुलगा तिला बसस्टँडच्या चौकातून, एसटीच्या हॉर्नमधून, दुडक्या चालीने नेऊन आणत होता.

आणि मग घोडीवाल्याने ती विकायची ठरवली. म्हणाला, ज्या घोडीने नवरदेव पाडला ती लोक पुन्हा लग्नाला लावत नाहीत, व्हिडिओ अजून फिरतोच आहे. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण राग गिळून विचार केला तर तो म्हणत होता ते माझ्याच कोअरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. धंदा चालवायचा तर पुढचं घोडं लागतं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. दोंडाईचा सोडून तापीचा पूल ओलांडला की घोड्यांचा वास येतो. एकमुखी दत्ताचं देऊळ आणि चोहीकडे थानांच्या रांगा. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडची उंच घोडी. जो तो दात बघतो, टापा बघतो, भोवरे बघतो. गळ्याखाली देवमण असलं की किंमत वाढते. मी देवमण मानत नाही, पण ज्याच्या घोडीला ते असतं त्याला सांगायला जात नाही. पंचकल्याणी, अबलक, कुमैत, एक एक रंगाला शंभर वर्षं जुनी नावं. अलीकडे चेतक फेस्टिव्हल म्हणून तंबू आणि रोषणाईही असते. नव्या पोरांना आता भीमथडीच्या तट्टांबद्दल पण विचारताना ऐकलं. त्या जातीची आता सरकार दरबारी स्वतंत्र नोंद झाली आहे. पानिपतापर्यंत गेलेलं जनावर, उशिरा का होईना, रजिस्टरात आलं.

गुजरातहून आलेल्या एका शेतकऱ्याला आमची नुकरी आवडली. घोडीवाल्याने माझ्या कानाशी लागून विचारलं, "आबा, त्या नवरदेवाचं सांगायचं का?" मी म्हटलं, तू सांग, नाहीतर मी सांगतो. त्याने सांगितलं, अर्धवट, पण सांगितलं. गुजराती माणूस हसला. म्हणाला, आमच्याकडे वरातीला नको आहे, पोरीला शिकवायला हवी आहे. त्याने स्वतः खोगीर घातलं, तंग हाताने चाचपला. तेव्हाच मला तो माणूस बरा वाटला. बसला, फेरी मारून आला आणि उतरून किमतीचं बोलायला लागला.

मी म्हटलं, "अजून एकदा बसा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग घोडीकडे. पुन्हा रिकिबीत पाय ठेवला. ती हलली नाही. तो वर बसूनच माझ्याशी हिंदीत बोलला, "फौज में थे क्या?"

सौदा झाला. संध्याकाळी त्याच पैशांत थोडी भर घालून घोडीवाल्याने चार वर्षांची एक कुमैत घेतली, कोरी, खोगीर न पाहिलेली. मला न विचारताच घेतली आणि मग दाखवायला आणली. पाय बरे होते, नजर शांत. पुढच्या उजव्या नालेचे दोन खिळे ढिले होते. मी मुलाला लगाम दिला आणि नालबंद कुठे बसले आहेत ते विचारत देवळाच्या बाजूला निघालो.